विद्यार्थीपणाची सवलत: काय मिळते, कुणाला मिळते, किती दिवस टिकते

बेंगळुरूहून होसूर रस्त्याने निघाले आणि इलेक्ट्रॉनिक सिटी मागे पडली की बोम्मसंद्र लागते, मग चंदापुरा. तिथून उजवीकडचा रस्ता आनेकलला जातो. या रस्त्यावर अलायन्स विद्यापीठ आहे. आनेकल तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला, सरजापुराजवळ, अझीम प्रेमजी विद्यापीठाचा परिसर आहे. इलेक्ट्रॉनिक सिटीत १९९९ साली सुरू झालेली ट्रिपल आयटी आहे. १० ऑगस्ट २०२५ रोजी मेट्रोची पिवळी मार्गिका बोम्मसंद्रपर्यंत आली आणि हा सगळा पट्टा शहराच्या आणखी जवळ आला. राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने मिरज, बेळगावकडून येणारी मराठी मुलेमुलीही याच भागातल्या पीजीत राहतात. फी, खोलीभाडे आणि मेस यांचा हिशेब घरी आधीच झालेला असतो. पहिल्या सत्राची यादी हातात पडते तेव्हा त्यात कॅड, मॅटलॅब, क्लाउड, कोड एडिटर, डिझाइनची साधने अशी नावे दिसतात आणि या खर्चाचा विचार कुणीच केलेला नसतो, हे लक्षात येते.

यातला बराचसा खर्च टळू शकतो, तोही कायदेशीरपणे. विद्यार्थ्यांना मोफत किंवा नाममात्र दरात मिळणाऱ्या गोष्टींचा पसारा गेल्या पंधरा वर्षांत खूप वाढला आहे. मात्र त्याची माहिती मिळते ती सीनियरच्या तोंडून किंवा व्हॉट्सअॅप ग्रुपवर, तुकड्यातुकड्याने. हा पसारा एकत्र मांडला की दिसते ते असे: सवलत विद्यार्थ्याच्या नावाने जाहीर होते, पण ती हातात पडेल की नाही हे बहुतेकदा त्याच्या कॉलेजच्या व्यवस्थेवर अवलंबून असते. आणि मिळालेल्या सवलतीची खरी किंमत पदवी मिळाल्यावर कळते.

दार उघडते ईमेलने

गरीब कोण, हुशार कोण हे सॉफ्टवेअर कंपन्या तपासत नाहीत. समोरचा खरोखर विद्यार्थी आहे का, एवढाच त्यांचा प्रश्न असतो, आणि त्याचे सर्वांत स्वस्त उत्तर म्हणजे संस्थेचा ईमेल पत्ता. भारतात ‘डॉट एसी डॉट इन’ आणि ‘डॉट ईडीयू डॉट इन’ ही नावे केंद्र सरकारच्या अर्नेट इंडियाकडून मान्यताप्राप्त शिक्षणसंस्थांनाच मिळतात, म्हणून त्यांच्यावर विश्वास ठेवला जातो. कॉलेजने अशा नावावर प्रत्येक विद्यार्थ्याला ईमेल दिला असेल तर निम्मे काम तिथेच होते.

ईमेल नसेल तर कागदपत्रांचा मार्ग उरतो: ओळखपत्राचा फोटो, फीची पावती, बोनाफाईड दाखला. शीअरआयडी, युनिडेज यांसारख्या मधल्या कंपन्या ही तपासणी करून देतात. कोड साठवण्याचा मंच असलेले गिटहब तर ओळखपत्राचा फोटो कॅमेऱ्यातून त्याच वेळी काढायला लावते आणि अर्ज करताना तुम्ही कुठे आहात हेही विचारते. त्यामुळे सुट्टीत गावी बसून भरलेला अर्ज नाकारला जाण्याची शक्यता वाढते. खात्यावरचे नाव आणि ओळखपत्रावरचे नाव जुळावे लागते. आपल्याकडे आडनाव आधी की नंतर, वडिलांचे नाव मध्ये की आद्याक्षरापुरते, यात सारखेपणा नसल्याने बरेच अर्ज इथेच अडकतात. अर्ज करण्यापूर्वी खात्यावरचे नाव ओळखपत्राप्रमाणे करून घेणे हा साधा उपाय आहे.

जेटब्रेन्स या कंपनीने जगभरातल्या शिक्षणसंस्थांच्या ईमेल-नावांची यादी गिटहबवर उघडी ठेवली आहे. आपल्या कॉलेजचे नाव तिच्यात नसेल तर पुरावा जोडून ते सुचवता येते आणि त्यासाठी प्राचार्यांच्या सहीची गरज लागत नाही. म्हणजे एका विद्यार्थ्याने अर्धा तास दिला तर पुढच्या सगळ्या तुकड्यांचा मार्ग मोकळा होतो. ज्या आयटीआय, पदविका किंवा पदवी कॉलेजांकडे स्वतःचा ईमेलच नाही, तिथली मुले मात्र या पहिल्याच पायरीवर मागे राहतात. ज्यांना सवलतीची गरज सर्वांत जास्त, नेमके तेच दाराबाहेर, अशी ही रचना आहे.

कोड लिहिणाऱ्यांसाठी

सर्वांत समृद्ध विभाग प्रोग्रॅमिंगचा. मायक्रोसॉफ्टने २००८ मध्ये ‘ड्रीमस्पार्क’ नावाने विद्यार्थ्यांना आपली विकसकांची साधने मोफत द्यायला सुरुवात केली. पुढे या योजनेचे नाव ‘इमॅजिन’ झाले आणि मग ती अॅझ्युर या क्लाउड सेवेच्या छत्राखाली गेली. आज ‘अॅझ्युर फॉर स्टुडंट्स’मध्ये १०० डॉलरचे क्लाउड क्रेडिट मिळते आणि त्यासाठी क्रेडिट कार्ड लागत नाही. भारतीय विद्यार्थ्यासाठी ही अट नसणे फार मोलाचे आहे, कारण बहुतेक क्लाउड कंपन्या मोफत वापरासाठीही आधी कार्ड मागतात.

ऑक्टोबर २०१४ मध्ये सुरू झालेला गिटहबचा स्टुडंट डेव्हलपर पॅक हा या सगळ्यांतला मोठा पेटारा. त्यात इतर कंपन्यांच्या सवलती एकत्र मिळतात: वर्षभरासाठी वेबसाइटचे नाव, डिजिटलओशनचे २०० डॉलरचे क्लाउड क्रेडिट, जेटब्रेन्सचे एडिटर, शिकवण्यांची सदस्यत्वे. यादी बदलत राहते, म्हणून प्रत्येक सत्राच्या सुरुवातीला ती पुन्हा पाहावी. पॅक हाती आला म्हणून सगळेच एकदम सुरू करणे मात्र चुकीचे. वर्षभराची मुदत सुरू केल्याच्या दिवसापासून मोजली जाते. पहिल्या वर्षी हौसेने घेतलेले क्लाउड क्रेडिट शेवटच्या वर्षीच्या प्रोजेक्टला उपयोगी पडत नाही.

यंत्र आणि रचना शिकणाऱ्यांसाठी

ऑटोडेस्कची ऑटोकॅड, रेव्हिट, फ्यूजन ही साधने २०१४ पासून जगभरच्या विद्यार्थ्यांना मोफत आहेत. परवाना एका वर्षाचा असतो आणि पात्रता असेपर्यंत नव्याने घेता येतो. फिग्मा, नोशन अशा सेवाही विद्यार्थ्यांना वरच्या श्रेणीचे खाते देतात. मॅटलॅबचे गणित वेगळे आहे. विद्यापीठाने संपूर्ण परिसराचा परवाना घेतला असेल तरच ते विद्यार्थ्याला मोफत पडते.

आनेकल परिसरात एक अट विशेष महत्त्वाची ठरते. बोम्मसंद्र, जिगणी, अत्तिबेले इथे लहानमोठ्या कारखान्यांच्या वसाहती आहेत आणि इंजिनिअरिंगची मुले तिथे इंटर्नशिपला जातात. कॉलेजच्या नावावर घेतलेल्या परवान्यावर कारखान्याचे ड्रॉइंग करणे हा व्यावसायिक वापर झाला. शिक्षणाच्या परवान्याला तो चालत नाही. ‘तुझ्या लॅपटॉपवर आहेच ना, त्यावरच करून दे’ असे साहेब म्हणाले तरी जबाबदारी लॅपटॉपवाल्यावरही येते. अशा कामासाठी फ्रीकॅड वापरता येते. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याची १.० आवृत्ती आली आणि त्याला व्यावसायिक वापराची कुठलीही आडकाठी नाही. सर्किटसाठी कीकॅड, त्रिमितीसाठी ब्लेंडर, मॅटलॅबच्या जागी सायलॅब किंवा ऑक्टेव्ह हेही त्याच पंगतीतले.

या मुक्त साधनांच्या प्रसारात मुंबईच्या आयआयटीचे काम मोठे आहे. केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाच्या मदतीने तिथे ‘फॉसी’ हा प्रकल्प चालतो. सायलॅबचा प्रसार आणि सर्किट रचनेसाठीचे ‘ईसिम’ ही त्याची कामे. प्राध्यापक कण्णन मौदगल्य यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या ‘स्पोकन ट्युटोरियल’मध्ये साधारण दहा-दहा मिनिटांचे धडे आहेत. ते अनेक भारतीय भाषांत, त्यात मराठीतही, उपलब्ध आहेत आणि इंटरनेट नसतानाही चालावेत अशा बेताने बनवलेले आहेत. इंग्रजी माध्यमाच्या वर्गात पहिल्या वर्षी गोंधळलेल्या मुलाला लिनक्सचा धडा मराठीतून ऐकता येतो, ही सोय फार थोड्यांना माहीत असते. फॉसीच्या एका उपक्रमात तर पाठ्यपुस्तकातली सोडवलेली उदाहरणे सायलॅबमध्ये लिहून देणाऱ्या विद्यार्थ्यांना मानधनही दिले गेले.

एआयची लाट

२०२५ हे वर्ष या क्षेत्रात लक्षात राहील. जुलैमध्ये गुगलने भारतातल्या १८ वर्षांवरील विद्यार्थ्यांसाठी १९,५०० रुपये किमतीचे एआय प्रो सदस्यत्व वर्षभर मोफत जाहीर केले. सोबत दोन टेराबाइट साठवण होती. त्याच महिन्यात एअरटेलने आपल्या ग्राहकांना पर्प्लेक्सिटी प्रो वर्षभरासाठी दिले. ऑक्टोबरअखेर जिओने जेमिनी प्रो १८ महिन्यांसाठी देऊ केले. ४ नोव्हेंबरपासून ओपनएआयने महिना ३९९ रुपयांचे चॅटजीपीटी गो भारतात वर्षभर मोफत केले. चार महिन्यांत विद्यार्थी असण्याची अटच बाजूला पडली. सिमकार्ड किंवा मोबाइल नंबर एवढे पुरेसे झाले.

इतकी उदारता एकाच वेळी का सुचली, याचे उत्तर बाजाराच्या आकारात आहे. इथे कोट्यवधी तरुण मोबाइलवरच सगळे करतात आणि पैसे देऊन सदस्यत्व घेणारे थोडे आहेत. ज्याच्या साधनाची सवय आधी लागेल तो पुढची काही वर्षे जिंकेल. यातल्या काही योजना नोंदणीच्या वेळीच कार्ड किंवा यूपीआय ऑटोपेची संमती घेतात. वर्ष भरले की पैसे आपोआप कापले जाऊ शकतात. संमती दिली त्याच दिवशी मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये शेवटची तारीख टाकावी आणि यूपीआय अॅपमधला मँडेट कुठून रद्द होतो ते पाहून ठेवावे.

सरकारी सवलत: राज्याची सीमा आडवी येते

सरकारच्या योजनांना ईमेल लागत नाही. त्यांना रहिवास, प्रवर्ग आणि कॉलेजचा प्रकार लागतो. महाराष्ट्रात ‘महाज्योती’ ही संस्था इतर मागास, भटक्या-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गातल्या विद्यार्थ्यांना जेईई, नीट आणि सीईटीच्या तयारीसाठी मोफत टॅब आणि रोज सहा जीबी डेटा देते. कर्नाटकानेही सरकारी कॉलेजांतल्या विद्यार्थ्यांना लॅपटॉप आणि टॅब वाटले आहेत. कोल्हापूरचा मुलगा आनेकलच्या खासगी कॉलेजात शिकत असेल, तर बहुतेक वेळा तो दोन्हींकडून सुटतो. महाराष्ट्राच्या हिशेबी तो राज्याबाहेर शिकतो आणि कर्नाटकाच्या हिशेबी तो ना इथला रहिवासी, ना सरकारी कॉलेजचा.

‘एक राष्ट्र, एक सदस्यता’ या योजनेचेही असेच. २५ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्राने ६,००० कोटी रुपयांची ही योजना २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी मंजूर केली. तीस प्रकाशकांची सुमारे १३,००० संशोधन-नियतकालिके ६,३०० सरकारी संस्थांतल्या १.८ कोटी विद्यार्थी, शिक्षक व संशोधकांना खुली करणे हा तिचा हेतू. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठासारख्या सरकारी विद्यापीठातल्या विद्यार्थ्यासाठी हे आखले गेले. आनेकलच्या खासगी विद्यापीठांतला विद्यार्थी त्यात बसत नाही आणि त्याला स्वतःच्या ग्रंथालयाच्या सदस्यत्वावर अवलंबून राहावे लागते.

सर्वांसाठी सारखे उघडे आहेत ते एनपीटेल आणि स्वयम हे ऑनलाइन अभ्यासक्रमांचे मंच. सात आयआयटी आणि बेंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था यांनी मिळून एनपीटेल उभे केले. स्वयमचा मंच जुलै २०१७ मध्ये आला. अभ्यासक्रम मोफत आहेत. प्रमाणपत्र हवे असेल तेव्हाच परीक्षेची फी भरावी लागते.

यंत्र फुकट वाटले की शिक्षण आपोआप होते, हा समज मात्र अनुभवाने खोटा ठरवला आहे. ऑक्टोबर २०११ मध्ये मोठ्या गाजावाजाने आलेला ‘आकाश’ टॅब्लेट स्वस्त होता, पण संथ चालणे आणि कमकुवत स्पर्शपडदा यांमुळे पहिल्या आवृत्तीवर टीका झाली. टॅबमागे चालणारा डेटा, शिकवणारे शिक्षक आणि दुरुस्तीची सोय नसेल तर तो कपाटात जातो. महाज्योतीने टॅबसोबत डेटा आणि शिकवणी जोडली हे म्हणूनच अधिक शहाणपणाचे.

गेम: खेळणे आणि घडवणे

गेमच्या बाबतीत विद्यार्थी असण्याने फारसा फरक पडत नाही. एपिक गेम्स स्टोअर डिसेंबर २०१८ पासून कुणालाही ठराविक काळाने मोफत गेम देते आणि एकदा खात्यात घेतलेला गेम कायमचा राहतो. मे २०२० मध्ये त्यांनी जीटीए फाइव्ह मोफत ठेवला तेव्हा एवढी झुंबड उडाली की स्टोअरच बंद पडले. अडचण येते ती डाउनलोडची. असे गेम शंभर जीबीच्या आसपास जातात. पीजीचे वायफाय सगळ्यांत वाटलेले असल्याने रात्री एकाचा गेम उतरत असेल तर बाकीच्यांचे ऑनलाइन सबमिशन रखडते.

गेम घडवायचा असेल तर मात्र काळ विलक्षण अनुकूल आहे. अनरियल इंजिन मार्च २०१५ पासून मोफत आहे आणि २०२० पासून गेमच्या पहिल्या दहा लाख डॉलरच्या उत्पन्नावर रॉयल्टी नाही. युनिटीची विद्यार्थ्यांसाठी वेगळी योजना आहे. गोडो तर पूर्णपणे मुक्त आहे. ब्लेंडरची गोष्ट रोचक आहे. मूळ कंपनी बुडाल्यावर २००२ साली वापरकर्त्यांनी एक लाख युरो जमवून त्याचा कोड विकत घेतला आणि सगळ्यांसाठी खुला केला. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये आणलेला ‘राजी: अॅन एन्शंट एपिक’ अनरियलवरच बनला. इंजिनाची रक्कम आगाऊ न भरता एखादा छोटा संघ जगाच्या बाजारात उतरू शकतो, याचे हे आपल्याजवळचे उदाहरण.

तिसरा प्रकार धोक्याचा. ‘नोंदणी करा आणि बोनस मिळवा’ म्हणत पैसे लावायला लावणाऱ्या अॅपनी अनेक वसतिगृहांत शिरकाव केला होता. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. त्यात पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली आणि ई-स्पोर्ट्सना मान्यता मिळाली. त्यानंतरही असा बोनस कुणी देऊ करत असेल तर तो कायद्याबाहेरचा आहे, एवढे समजून चालावे.

फसवणूक आणि क्रॅक

मोफत लॅपटॉपच्या सरकारी योजनेची लिंक दरवर्षी निकालाच्या सुमारास फिरते. अशा संदेशांना पीआयबी फॅक्ट चेकने पुन्हा पुन्हा खोटे ठरवले आहे. टेलिग्रामवर शंभर-दोनशे रुपयांत विकला जाणारा कॉलेजचा ईमेल किंवा प्रो खाते हा त्याचाच जुळा भाऊ. ते खाते दुसऱ्याच्या नावावर असते आणि कधीही बंद होऊ शकते. तोवर त्यात टाकलेला प्रोजेक्ट मूळ मालकाच्या हाती असतो.

पेन ड्राइव्हवरून येणाऱ्या क्रॅकची सवय याहून जुनी. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ ब नुसार चोरीची प्रत जाणूनबुजून वापरणे हा गुन्हा आहे आणि त्याला सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद व पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड सांगितला आहे. नफ्यासाठी वापर नसेल तर न्यायालय कैद टाळू शकते. विद्यार्थ्यावर खटला क्वचितच होतो. त्याचे खरे नुकसान होते ते क्रॅकसोबत आलेल्या व्हायरसने, आणि तेही सबमिशनच्या आठवड्यात. अधिकृत परवाना मोफत मिळत असताना ही जोखीम घेण्याचे कारणच उरत नाही.

सवलत संपते तेव्हा

१९९८ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठातल्या एका कार्यक्रमात बिल गेट्स यांनी चीनमधल्या सॉफ्टवेअरचोरीबद्दल जे सांगितले त्याचा आशय असा होता: लोक चोरणारच असतील तर त्यांनी आमचेच चोरावे, सवय लागली की पुढच्या दशकात वसुलीचा मार्ग सापडेल. विद्यार्थी-परवाना याच तर्काचा कायदेशीर अवतार आहे. त्यात गैर काही नाही, पण घेणाऱ्याला ते ठाऊक असावे.

नियमही मध्येच बदलतात. गुगलने शिक्षणसंस्थांना अमर्याद साठवण दिली होती. फेब्रुवारी २०२१ मध्ये कंपनीने संपूर्ण संस्थेला मिळून १०० टेराबाइटची मर्यादा जाहीर केली आणि २०२२ पासून ती लागू झाली. अनेक कॉलेजांनी विद्यार्थ्यांना आवरायला सांगितले आणि माजी विद्यार्थ्यांची खाती बंद केली. पदवीनंतर ईमेल बंद झाला की त्यावरच्या सगळ्या सवलतींबरोबर त्यावर साठवलेली कामेही जातात.

म्हणून निवडीचा क्रम ठरवताना एकच कसोटी पुरते: पदवीनंतर यातले काय हातात राहील? मुक्त सॉफ्टवेअर, स्वयमचे प्रमाणपत्र, वैयक्तिक ईमेलशी जोडलेल्या गिटहब खात्यावरचा कोड हे राहते, त्याला पहिले स्थान. ज्या क्षेत्रात नोकरी विशिष्ट साधनावरच मिळते तिथे ऑटोडेस्कसारखा परवाना घ्यावा, पण फाइलची एक प्रत कुठेही उघडेल अशा स्वरूपात ठेवावी. क्लाउड क्रेडिट आणि एआय सदस्यत्वे शेवटी, आणि तीही कामाच्या वेळी सुरू करावीत. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. नव्या विंडोजला न पेलणारा जुना लॅपटॉप लिनक्स मिंट किंवा उबुंटूवर आणखी काही वर्षे चालतो, ही तर हजारो रुपयांची बचत आहे.

कॉलेजांनी करायच्या गोष्टी याहून सोप्या आणि परिणामाने मोठ्या आहेत. प्रवेशाच्या पहिल्या आठवड्यात प्रत्येकाला संस्थेचा ईमेल द्यावा आणि पदवीनंतर किमान सहा महिने तो चालू ठेवावा. मायक्रोसॉफ्ट, गुगल, ऑटोडेस्क यांच्याकडची संस्थेची नोंदणी ही एका कर्मचाऱ्याची लेखी जबाबदारी करावी. अभ्यासक्रमात साधनाचे ब्रँडनाव न लिहिता कौशल्य लिहावे, म्हणजे फ्रीकॅडवर केलेले ड्रॉइंग परीक्षकाला नाकारता येणार नाही. यासाठी अर्थसंकल्पात मोठी तरतूद लागत नाही. पालक फी भरताना इमारत, जेवण आणि प्लेसमेंटची चौकशी करतातच, त्यात त्यांनी आणखी एक प्रश्न घालावा: विद्यार्थ्यांना कॉलेजचा ईमेल मिळतो का, आणि कुठल्या दिवसापासून? गोलमोल उत्तर मिळाले तर चार वर्षांत सॉफ्टवेअरवर किती खर्च करावा लागेल, याचा अंदाज त्याच वेळी बांधता येतो.